खुडूक कोंबडीखाली अंडी बसवताना: निवडीपासून पिल्ले निघेपर्यंत

कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसली, तिच्याखाली डझनभर अंडी सरकवली, २१ दिवस वाट पाहिली आणि शेवटी दोन-तीनच पिल्ले हाती आली, अशी तक्रार करणारे बहुतेक जण दोष कोंबडीला देतात. नीट चौकशी केली तर चूक बहुधा दोनच ठिकाणी सापडते. एक तर अंडी बसवण्याआधीच्या आठवड्यात, म्हणजे अंड्यांची निवड, साठवण आणि जागा यांत. नाहीतर शेवटच्या तीन दिवसांत, जेव्हा काहीही करायचे नसते आणि नेमके तेव्हाच माणसाला राहवत नाही. मधले दिवस कोंबडी स्वतः सांभाळते. म्हणून पुढे तयारीवर अधिक लिहिले आहे आणि मधल्या दिवसांवर त्या मानाने कमी. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत, कारण दुसरा टप्पा पुरा होण्याआधी चौथा उरकला की तो बहुधा पुन्हा करावा लागतो आणि तोवर अंडी जुनी झालेली असतात.

## १. कोंबडी खरोखर खुडूक आहे का, हे आधी पाहावे

अंडे घालायला बराच वेळ बसून राहिलेली कोंबडी आणि खुडूक कोंबडी यांत फरक आहे. अंडे घालणारी कोंबडी हात जवळ नेताच उठते किंवा दूर सरकते. खुडूक कोंबडी जागा सोडत नाही. ती अंग फुगवते, पिसे उभी करते, घशातून खरखरीत आवाज काढते आणि बहुधा हातावर चोच मारते. तिला उचलून बाहेर ठेवले तर ती पंख अर्धवट पसरून, सतत ‘क्लक क्लक’ करत दोन-चार दाणे टिपते आणि पुन्हा घरट्याकडे धाव घेते. छातीखाली हात घातला की पिसे गळून उघडी पडलेली कातडी लागते आणि ती हाताला चटकन जाणवेल इतकी गरम असते. अंड्यांना ऊब मिळते ती या कातडीच्या थेट स्पर्शातून. दिवसातून एकदाच पडणारी, नेहमीपेक्षा मोठी आणि अत्यंत दुर्गंधी शिट ही आणखी एक खूण होय.

ही लक्षणे एका दुपारी दिसली म्हणून लगेच अंडी बसवू नयेत. खरी कसोटी रात्रीची आहे. इतर कोंबड्या दांडीवर चढल्यानंतर ही कोंबडी घरट्यातच बसून असेल आणि असे सलग दोन-तीन रात्री घडले, तरच पुढे जावे. या काळात तिच्याखाली दोन-तीन नकली अंडी ठेवावीत. चिनीमातीची किंवा लाकडाची नसतील तर खायला ठेवलेली साधी अंडी चालतात, मात्र त्यांवर ठळक खूण करावी आणि नंतर ती फेकून द्यावीत.

पहिल्यांदाच खुडूक झालेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अर्ध्यातून उठून जाण्याची शक्यता जास्त असते. तिला संधी द्यावी, पण दुर्मीळ किंवा लांबून आणलेली अंडी तिच्या भरवशावर ठेवू नयेत. ज्या कोंबडीने आधी एकदा पिल्ले काढली आहेत ती थोडी लहान असली तरी माझ्या मते अधिक भरवशाची.

पडताळणी: कोंबडी सशक्त आहे का, हे छातीचे हाड चाचपून पाहावे. हाड सुरीच्या धारेसारखे टोचत असेल तर ती आधीच खंगलेली आहे. तीन आठवडे ती नेहमीपेक्षा खूप कमी खाणार असल्यामुळे अशा कोंबडीला बसवू नये.

## २. जागा आणि घरटे

कोंबडीने खुराड्यात स्वतः निवडलेली जागा बहुधा गैरसोयीची असते. तेथे इतर कोंबड्या येऊन अंडी घालतात, तिला ढकलतात, आणि ती दाणे खाऊन परतली की चुकून शेजारच्या घरट्यात जाऊन बसते. हा शेवटचा प्रकार अनेकांच्या लक्षातच येत नाही: कोंबडी तर बसलेली दिसते, पण ती बसलेली असते रिकाम्या घरट्यावर आणि अंडी बाजूला थंड होत असतात. म्हणून खुडूक कोंबडीला वेगळी, बंद करता येईल अशी जागा द्यावी.

जागा शांत, अंधारी, कोरडी आणि हवा खेळती असलेली असावी. थेट ऊन, पावसाची झड आणि जमिनीवरून वाहणारा गार वारा या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. पत्र्याच्या छपराखाली दुपारी किती तापते हे आपण स्वतः तेथे दहा मिनिटे बसून पाहावे. कोंबडी चोच उघडून धापा टाकत असेल तर ती अंड्यांवर नीट बसू शकत नाही. उंदीर, मांजर, मुंगूस आणि साप यांचा शिरकाव होणार नाही अशी बारीक जाळी हवी. मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला बाहेर ठेवत नाही.

घरट्यासाठी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे खोके किंवा पसरट टोपली पुरते. ते जमिनीवरच ठेवावे, कारण उंचावरून खाली पडलेले पिल्लू परत वर चढू शकत नाही. तळाशी दोन-तीन बोटे जाडीचा मातीचा थर द्यावा, माती किंचित ओलसर असावी, चिखल नसावा. त्यावर पेंढा, मऊ वाळलेले गवत किंवा जाडसर लाकडी भुसा पसरावा आणि मुठीने दाबून पसरट बशीसारखा खोलगटपणा द्यावा. घरट्याचा आकार नेमका येथेच चुकतो. खोलगा फार खोल झाला तर अंडी एकमेकांवर चढतात आणि कोंबडी उठता-बसताना ती फुटतात. तळ सपाट राहिला तर अंडी कडेला घरंगळून थंड होतात. कडेला एक अंडे ठेवून सोडले तर ते हळूच मध्याकडे परत यावे, इतका उतार पुरेसा आहे.

खालचे गवत बुरशी धरलेले किंवा कुबट वासाचे नसावे, कारण बुरशीचे कण पिल्लांच्या फुफ्फुसात जातात.

### उवा आणि पिसवा

बसलेली कोंबडी मध्येच उठून जाण्याचे एक मोठे आणि सहज टाळता येण्यासारखे कारण म्हणजे अंगावरचे कीटक. तांबड्या रंगाच्या पिसवा (लाल माइट) दिवसा लाकडाच्या फटींत दडून राहतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. त्यामुळे दिवसा कोंबडी तपासली तर काहीच आढळत नाही. रात्री बॅटरी घेऊन खोक्याच्या सांध्यांत पाहावे, किंवा पांढरे फडके फटींवर दाबून त्यावर लालसर डाग उमटतात का ते पाहावे. खोके आधी कडक उन्हात तापवून, सांधे घासून स्वच्छ करावे. कोंबडीच्या गुदद्वाराभोवती आणि पंखांखाली उवांची अंडी पिसांच्या मुळाशी पांढऱ्या गुठळ्यांसारखी दिसतात. जी काही औषधी भुकटी वापरायची ती पशुवैद्यकाला विचारून, अंडी बसवण्याच्या दोन-तीन दिवस आधी वापरावी. अंडी खाली असताना किंवा पिल्ले निघायच्या वेळी कीटकनाशक शिंपडू नये.

### कोंबडी नव्या जागी हलवणे

हलवण्याचे काम रात्री, शक्य तितक्या कमी उजेडात करावे. दोन्ही हात खालून घालून तिला शांतपणे उचलावे. पंखांखाली अंडे अडकलेले नाही ना, हे आधी चाचपावे. नव्या घरट्यात नकली अंडी आधीच ठेवलेली असावीत. पहिला दिवस तिला आत बंद ठेवावे, खाणे-पाणी जवळ ठेवावे आणि सतत डोकावू नये. दुसऱ्या दिवशीही ती नकली अंड्यांवर निवांत बसली असेल तर जागा तिला मानवली असे समजावे. ती दारापाशी उभी राहून येरझारा घालत असेल तर आणखी एक दिवस पाहावे. तरीही बसली नाही तर तिला सोडून द्यावे. यात आपले काहीच जात नाही, आणि खरी अंडी अजून खाली न ठेवण्यामागचा हेतू हाच आहे.

## ३. अंड्यांची निवड आणि साठवण

अंडे फलित आहे की नाही हे उबवण्याआधी बाहेरून ओळखता येत नाही. आकारावरून, टोकदारपणावरून किंवा दोऱ्याला टांगलेल्या अंगठीने नर-मादी व फलित-अफलित ओळखण्याच्या युक्त्यांवर वेळ घालवू नये. खरा विचार करायचा तो कळपाचा. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक तरुण, चपळ कोंबडा असावा. कोंबडा नव्याने सोडला असेल तर किमान एक आठवडा थांबून मगच अंडी गोळा करण्यास सुरुवात करावी. उलट, एका जातीचा कोंबडा काढून दुसऱ्या जातीचा सोडला असेल तर पहिल्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन आठवड्यांपर्यंत, क्वचित त्याहून अधिक काळ टिकते. जात शुद्ध हवी असेल तर तीन आठवडे थांबणे योग्य.

निवड करताना मध्यम आकाराची, नेहमीच्या घडणीची आणि आपोआप स्वच्छ असलेली अंडी घ्यावीत. फार मोठी अंडी अनेकदा दोन बलकांची असतात आणि त्यांतून पिल्लू निघणे जवळजवळ अशक्य असते. खडबडीत, पातळ किंवा सुरकुतलेल्या कवचातून ओल वाजवीपेक्षा जास्त उडते. केसाएवढी चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दोन अंडी एकमेकांवर अगदी हलकेच टेकवली असता खणखणीत आवाजाऐवजी बसका आवाज आला तर त्यांपैकी एक तडकलेले आहे.

अंडी धुऊ नयेत. अंड्यावर नैसर्गिक पातळ लेप असतो आणि तो कवचावरील हजारो सूक्ष्म छिद्रांतून जंतूंना आत जाण्यापासून अडवतो. पाण्याने तो लेप जातो, आणि थंड पाण्याने तर आतला भाग आकसून बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. किंचित चिकटलेले शेण किंवा माती कोरड्या, खरखरीत फडक्याने हलकेच काढावी. फार घाण झालेले अंडे उबवण्यासाठी न घेता खाण्यासाठी घ्यावे.

साठवणीत तीन आकडे लक्षात ठेवले तर पुरते. अंडी शक्यतो ७ दिवसांच्या आत बसवावीत. १० दिवसांनंतर निघणाऱ्या पिल्लांची संख्या झपाट्याने घटत जाते. साठवणीचे तापमान १३ ते १८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. आणि सुमारे २१ अंशांच्या वर अंड्यातील गर्भ अर्धवट वाढू लागतो, पण पुरेशी ऊब नसल्यामुळे तो अशक्त होतो किंवा मरतो. शीतपेटीतले नेहमीचे चार-पाच अंश याउलट फार कमी पडतात. जेथे १८ अंश मिळणे कठीण असते तेथे घरातील सर्वांत गार खोलीत, ओल्या वाळूत रोवलेल्या कोरड्या मडक्यात अंडी ठेवावीत आणि साठवणीचे दिवस ४-५ वर आणावेत. अंड्यांना स्वतःला पाणी लागता कामा नये.

अंडी नेहमी टोकदार बाजू खाली आणि बोथट बाजू वर अशी ठेवावीत, कारण हवेची पोकळी बोथट बाजूस असते. पाच दिवसांहून अधिक साठवण असेल तर तबकाची एक बाजू सकाळी व दुसरी बाजू संध्याकाळी थोडी उचलून ठेवावी, म्हणजे बलक कवचाला चिकटत नाही. प्रवास करून आलेली अंडी लगेच बसवू नयेत. टोकदार बाजू खाली ठेवून किमान १२ ते २४ तास स्थिर राहू द्यावीत. धक्क्यांनी हवेची पोकळी सैल झालेली असते आणि ती जागेवर बसण्यास वेळ लागतो.

## ४. अंडी बसवणे

किती अंडी ठेवायची याचे उत्तर कोंबडीच्या आकारात आहे, आपल्या हौसेत नाही. मध्यम कोंबडीखाली साधारण ८ ते १० आणि मोठ्या कोंबडीखाली १२ पर्यंत अंडी बसतात. नियम एवढाच की ती नीट बसल्यावर कोठूनही अंडे दिसता कामा नये. एखादे अंडे कडेला उघडे राहिले तर फार तर तेवढेच वाया जाईल, हा समज चुकीचा आहे. कोंबडी चोचीने अंडी सतत हलवते, कडेची मध्ये आणि मधली कडेला. त्यामुळे उघडे राहणारे अंडे रोज वेगळे असते, आणि एका जास्तीच्या अंड्यापायी आठ-दहा अंडी पाळीपाळीने गारठतात. शंका असेल तर एक अंडे कमी करावे. थंडीच्या दिवसांत दोन कमी करावीत.

सर्व अंड्यांवर, दोन्ही बाजूंना, साध्या पेन्सिलीने खूण आणि तारीख लिहावी. शाईचे किंवा रंगाचे पेन वापरू नये. हे काम मी स्वतः एकदा कंटाळा करून टाळले होते. दहा अंडी बसवली, आठवड्याने कोंबडी उठली तेव्हा घरट्यात सोळा अंडी होती, आणि त्यांतली नवी कोणती हे कळण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता. पिल्ले निघायच्या दिवशी चार निघाली, कोंबडी त्यांना घेऊन उठली आणि मागे राहिलेल्या काही अंड्यांत अर्धी वाढलेली पिल्ले होती.

सर्व अंडी एकाच वेळी, एकाच रात्री बसवावीत. आज पाच आणि परवा पाच असे केले तर पहिली पिल्ले निघाल्यावर कोंबडी दोन दिवसांत घरटे सोडते आणि उरलेली मरतात. अंडी आधी खोलीच्या तापमानाला काही तास येऊ द्यावीत. मग अंधार पडल्यावर हात कोंबडीच्या छातीखाली सरकवून नकली अंडी एकेक काढावीत आणि खरी ठेवावीत. ती कुरकुरेल, चोच मारेल. थोड्या वेळाने अंग हलवून, पोट पसरून अंडी आपणच खाली ओढून घेईल. ते पाहूनच परतावे.

दिवस मोजताना होणारी चूक: ज्या रात्री अंडी बसवली ती रात्र शून्य धरावी. पहिला दिवस २४ तासांनंतर पुरा होतो. सोमवारी रात्री बसवली असतील तर तीन आठवड्यांनंतरचा सोमवार हा २१वा दिवस. हा हिशेब कोंबडीच्या अंड्यांचा आहे. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी बसवली तर साधारण २८ दिवस लागतात आणि काळ्या-पांढऱ्या रंगाच्या, लाल चेहऱ्याच्या मस्कोव्ही बदकांना ३५ दिवस. तेवढा काळ प्रत्येक कोंबडी टिकून बसेलच असे नाही.

## ५. पहिले १८ दिवस: रोजचा क्रम

अंडी उलटवणे, ऊब कमी-जास्त करणे, ओल राखणे ही कामे कोंबडी करते. हाताने अंडी फिरवू नयेत, घरट्यात पाणी शिंपडू नये.

आपण करायचे ते एवढेच. दिवसातून एकदा, रोज ठरावीक वेळी, तिला बाहेर येऊ द्यावे. ती स्वतः उठत नसेल तर पंखांखाली अंडे नाही हे पाहून तिला अलगद उचलून खाण्यापाशी ठेवावे. खाण्यात मका, गहू, ज्वारी यांसारखे अखंड धान्य द्यावे; त्याने पोट बराच वेळ भरलेले राहते आणि शिट घट्ट होते. ताजे पाणी आणि लोळण्यासाठी कोरडी माती किंवा राख जवळ असावी. १५ ते २० मिनिटांत ती परत बसते. उबदार हवामानात अर्धा तास लागला तरी काही बिघडत नाही, म्हणून तिला हुसकावून परत बसवण्याची घाई करू नये. फक्त ती परत आपल्याच घरट्यावर बसली आहे, हे रोज नजरेने पाहावे.

घरट्यात शिट पडली असेल तर लगेच काढावी आणि तेवढेच गवत बदलावे. अंडे फुटले असेल तर चिकट झालेली शेजारची अंडी कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावीत, कारण बलकाचा थर छिद्रे बुजवतो आणि दोन दिवसांत कुजतो. अंडी न धुण्याच्या नियमाला एवढाच अपवाद आहे.

### कोंबडी मध्येच उठून गेली तर

अंडी हाताला थंड लागली म्हणून ती लगेच फेकू नयेत. गर्भ काही तासांची थंडी सोसू शकतो. दुसरी खुडूक कोंबडी असेल तर रात्री तिच्याखाली ठेवावीत. नसेल आणि तीच परत बसण्यास तयार असेल तर तिला अंधारात बंद करून बसवावे. तीन-चार दिवसांनी उजेडावर धरून पाहिल्यावरच निर्णय घ्यावा. अशा वेळी पिल्ले एखादा दिवस उशिरा निघतात, त्यामुळे २१ व्या दिवशी अंडी शांत दिसली तरी घरटे मोडू नये.

## ६. उजेडावर पारख

पारख दोनदा करावी: ७ व्या आणि १४ व्या दिवशी. गडद तपकिरी कवचाच्या अंड्यांत सातव्या दिवशी नीट दिसत नाही. त्यांच्यासाठी १० वा दिवस योग्य. रात्री, अंधारात, बॅटरीच्या तोंडावर मुठीची वाटी करून अंड्याची बोथट बाजू त्यावर टेकवावी. एका वेळी तीन-चारच अंडी काढावीत आणि ती परत ठेवल्यावर पुढची घ्यावीत.

सातव्या दिवशी जिवंत अंड्यात एक गडद ठिपका आणि त्यापासून सर्व दिशांना फुटलेल्या लाल शिरा दिसतात, कोळ्याने आपल्या जाळ्याच्या मध्यावर बसावे तशा. क्षणभर हात स्थिर ठेवला तर तो ठिपका हलतानाही दिसतो. अफलित अंडे आतून एकसारखे पिवळसर, स्वच्छ दिसते. ज्यात शिरा नाहीत पण कवचालगत रक्ताचे लाल कडे दिसते, त्यातील गर्भ सुरुवातीलाच मेलेला असतो. ही दोन्ही प्रकारची अंडी काढून टाकावीत. चौदाव्या दिवशी हवेची पोकळी सोडून बाकीचे अंडे काळसर भरलेले दिसते आणि पोकळीची कड ठळक असते. ज्याचा आतला भाग ढवळलेल्या ताकासारखा डहुळतो आणि पोकळीला कड नाही, ते अंडे सडू लागले आहे.

शंका असलेले अंडे सातव्या दिवशी ठेवावे. चौदाव्या दिवशी मात्र शंका असली तर नाकाशी धरावे. वास येत असेल, कवचावर घामासारखे थेंब किंवा करडे डाग दिसत असतील तर ते हळूच उचलून दूर न्यावे. सडलेले अंडे घरट्यात फुटले तर त्याची घाण बाकी सगळ्या अंड्यांवर पसरते.

खबरदारी: १८ व्या दिवसानंतर पारख नाही. पाण्यात अंडे तरंगवून ‘जिवंत आहे का’ हे पाहण्याची रीत तर मुळीच वापरू नये. त्या वेळी कवचाला सूक्ष्म चीर असेल तर पाणी आत शिरून पिल्लू गुदमरते.

## ७. दिवस १८ ते २१: हात आवरण्याचा काळ

या दिवसांत पिल्लू आत फिरून डोके हवेच्या पोकळीकडे आणते, पोटाबाहेरचा बलक शरीरात ओढून घेते, मग आतली त्वचा फोडून पोकळीतली हवा घेऊ लागते. कोंबडीही बदलते. ती उठायला नकार देते, खाणे जवळजवळ सोडते आणि तिचा आवाज हळू, खालच्या पट्टीतला होतो, कारण अंड्यांतून येणाऱ्या चिवचिवाटाला ती उत्तर देत असते. तिला आता बळेच उठवू नये. पाण्याचे उथळ भांडे आणि थोडे दाणे मान लांबवून पोहोचतील इतक्या अंतरावर ठेवावेत.

कवचावर पहिला टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात. मध्ये कित्येक तास काहीही हालचाल दिसत नाही. नेमक्या याच वेळी लोक मदत म्हणून कवच सोलतात. त्या तासांत पिल्लू स्वस्थ पडलेले असते, पण कवचाच्या आतल्या त्वचेतील शिरांमधले रक्त हळूहळू त्याच्या शरीरात परत जात असते आणि बलकाचा शेवटचा भाग पोटात शिरत असतो. घाईने कवच काढले की रक्तस्राव होतो, किंवा बलक बाहेरच राहतो. माझे मत स्पष्ट आहे: कोंबडीखालच्या अंड्याला हात लावू नये. जे पिल्लू स्वतः निघू शकत नाही ते बाहेर काढले तरी बहुधा जगत नाही.

दिवसातून दोनदा, कोंबडीला न उचलता, हात कडेने घालून रिकामी कवचे तेवढी काढावीत. अर्धे कवच दुसऱ्या अंड्यावर टोपीसारखे बसले तर आतल्या पिल्लाची वाट बंद होते.

पिल्लांना पहिल्या दिवशी दाणा नसला तरी चालते. पोटात घेतलेला बलक त्यांना साधारण दोन दिवस पुरतो, आणि कोंबडी उशिरा निघणाऱ्यांसाठी बसून राहू शकते ती यामुळेच. आधी निघालेल्या पिल्लांना बाहेर काढून दाणे दाखवण्याचा उत्साह आवरावा. त्यांचा आवाज बाहेरून येऊ लागला की कोंबडी उरलेली अंडी सोडून उठते.

## ८. राहिलेली अंडी उघडून पाहावीत

२३ व्या दिवसापर्यंत वाट पाहावी. त्यानंतर राहिलेली अंडी घरापासून दूर नेऊन एकेक फोडावीत. काम किळसवाणे आहे, पण पुढच्या वेळी काय बदलायचे हे याखेरीज दुसऱ्या कशाने कळत नाही.

बहुतेक अंडी स्वच्छ निघाली तर कोंबड्याकडे किंवा फार जुन्या अंड्यांकडे पाहावे. रक्ताचे कडे किंवा बोटाच्या पेराएवढे मेलेले गर्भ बरेच असतील तर साठवणीतील उष्णता, प्रवासातील हादरे किंवा पहिल्या आठवड्यात कोंबडी वारंवार उठणे ही कारणे संभवतात. पूर्ण वाढलेली, पिसे आलेली, पण टोचा न मारलेली पिल्ले सापडली तर चूक शेवटच्या दिवसांतली असते: कोंबडीला बळेच उठवणे, अंडी जास्त असणे किंवा रात्री पिसवांनी तिला बेजार करणे. दहा चांगल्या अंड्यांतून सात-आठ पिल्ले निघाली तर ते काम चांगले झाले असे मानावे. दहापैकी दहांचा आग्रह धरणाऱ्यांनी बहुधा आपली अंडी मोजलेली नसतात.

## ९. पिल्लांचे पहिले आठवडे

कोंबडी पिल्लांसह स्वतः बाहेर आली की जुने घरटे काढून टाकावे आणि नवे कोरडे अंथरूण घालावे. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात, म्हणून खरखरीत अंथरूण असावे. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत. ओली होऊन गारठलेली आणि बुडालेली पिल्ले हा पहिल्या आठवड्यातला सर्वांत फुकटचा तोटा आहे.

पिल्लांना सुमारे २० टक्के प्रथिनांचे, पिल्लांसाठी बनवलेले खाद्य द्यावे आणि कोंबडीलाही तेच खाऊ द्यावे. अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना देऊ नये. त्यातील कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. अंथरूण ओले राहिले, पिल्ले पिसे फुगवून मलूल बसली आणि शिटेत रक्त दिसले तर तो रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा संशय असतो. त्या दिवशीच पशुवैद्यकाला दाखवावे. मानमोडीची, म्हणजे रानीखेतची लस पहिल्या आठवड्यातच द्यायची असते, तेव्हा पिल्ले निघण्याआधीच ती कोठून आणि केव्हा मिळेल हे विचारून ठेवावे.

पहिले दोन आठवडे कोंबडी आणि पिल्ले जाळीच्या आडोशाला, इतर कोंबड्यांपासून वेगळी पण त्यांना दिसतील अशी ठेवावीत. कावळा आणि घार यांच्यापासून वरूनही जाळी हवी. रात्री पिल्ले खरोखर तिच्या पंखांखाली गेली आहेत ना, हे पहिले तीन-चार दिवस बॅटरी घेऊन पाहावे. एखादे कोपऱ्यात एकटे राहिले तर उचलून तिच्या पोटाशी सरकवावे.

साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पिल्लांना पुरती पिसे येतात आणि कोंबडी त्यांना चोच मारून दूर करू लागते. तिचा तुरा पुन्हा लाल होतो आणि ती अंडी घालायला जागा शोधू लागते. तेव्हा तिला कळपात सोडावे आणि पिल्ले आणखी काही आठवडे वेगळी ठेवावीत. उलट केले तर मोठ्या कोंबड्यांच्या टोच्यांपासून त्यांना वाचवणारे कोणी उरत नाही.